पक्षी एकाचे, नाणी दुसऱ्याची: पांडवलेणीच्या पायऱ्यांवर जुळलेल्या मैत्रीचा प्रकरण अभ्यास

एकच छंद असलेली दोन माणसं चौदा महिन्यांनंतरही नुसती ओळखीचीच राहिली. त्याच काळात, छंदाच्या बाबतीत ज्यांचं काहीच जुळत नव्हतं अशा दोघांचा घरोबा झाला. हे का झालं, ते या प्रकरणात तपासलं आहे. आमचं म्हणणं आधीच सांगतो. आवड कोणती आहे यापेक्षा ती कशी जोपासली जाते, हे जुळावं लागतं. ते जुळलं तर विषय वेगळे असण्याचा फायदाच होतो, मात्र दोघांना ठरलेल्या जागी वारंवार भेटता आलं पाहिजे.

प्रकरणातली माणसं अभ्यासासाठी रचलेली आहेत, म्हणून त्यांना नावं दिलेली नाहीत. ठिकाणं, इतिहासाचे तपशील आणि संशोधन मात्र खरं आहे.

तिघेजण

पहिला अभियंता. वय ३४, मूळचा लातूरचा, अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात. पाथर्डी फाट्याजवळ भाड्याचा फ्लॅट, घरी बायको आणि पाच वर्षांची मुलगी. पक्षी पाहणं आणि त्यांचे फोटो काढणं हा कॉलेजपासूनचा नाद. नाशिकला येऊन वर्ष झालं तरी कारखान्याबाहेर कुणाकडे सहज जावं असं घर नाही.

दुसरा पक्षीमित्र. साधारण त्याच वयाचा, गंगापूर रोडला राहणारा, स्वतःचा व्यवसाय असलेला. अभियंत्याकडे आहे तसाच कॅमेरा, त्याहून मोठी लेन्स. दोघांची ओळख पक्षीनिरीक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर झाली.

तिसरे काका. वय ६३, नाशिकरोडच्या नोटा छापणाऱ्या प्रेसमधून निवृत्त, इंदिरानगरला स्वतःचं घर. छंद जुन्या नाण्यांचा आणि शिलालेखांचा. नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरातल्या पांडवलेणी या जुन्या बौद्ध लेण्यांच्या पायऱ्या ते रोज चढतात. गुडघा कुरकुर करतो, मधुमेहाची गोळी चालू आहे.

कागदावर पाहिलं तर मैत्री कुणाची व्हायची हे उघड दिसतं. वय, उत्पन्न, कॅमेरा, पक्षी, सगळं पहिल्या दोघांचं जुळतं. लॅझर्सफेल्ड आणि मर्टन या समाजशास्त्रज्ञांनी १९५४ साली सारख्याला सारखा शोधण्याच्या या ओढीचे दोन भाग पाडले होते. एक म्हणजे वय, जात, पैसा, शिक्षण अशा स्थानाचं साम्य. दुसरं मूल्यांचं साम्य. या प्रकरणात पहिलं एका जोडीत होतं आणि दुसरं दुसऱ्या जोडीत.

एकच आवड, पण ओळख पुढे सरकेना

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्याचा मोसम. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथला हा बंधारा. जानेवारी २०२० मध्ये त्याला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा, जाहीर झाला, महाराष्ट्रातलं ते पहिलं रामसर स्थळ. चापडगाव आणि खाणगाव थडीच्या बाजूला मनोरे आहेत. तिथून चक्रवाक, पट्टकादंब, चित्रबलाक, जांभळ्या पाणकोंबड्या दिसतात. त्या मोसमात अभियंता आणि पक्षीमित्र सात वेळा एकत्र गेले. प्रत्येक फेरी सहा तासांची, म्हणजे ४२ तास.

कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांच्या अभ्यासात नुसत्या ओळखीतून साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास, मैत्री म्हणावी इतपत नातं व्हायला सुमारे ९० आणि जवळची मैत्री व्हायला २०० हून अधिक तास एकत्र घालवावे लागतात असं दिसलं. तो अभ्यास नुकत्याच नव्या गावी आलेल्या अमेरिकेतल्या प्रौढांवर आणि विद्यार्थ्यांवर झाला होता, त्यामुळे आकडे फुटपट्टीसारखे वापरू नयेत. पण त्यातली एक गोष्ट इथे नेमकी लागू पडते: तास कसे गेले याला महत्त्व आहे. नुसतं शेजारी बसून काम करण्याचे तास फारसे मोजले जात नाहीत. थट्टामस्करी, गप्पा, एकमेकांच्या दिवसाची विचारपूस यांचे तास मोजले जातात.

त्या दृष्टीने ४२ तास उघडून पाहा. गाडीत चौघं असायचे. जाताना तासभर झोप किंवा लेन्सच्या गप्पा. मनोऱ्यावर बोलायचं नसतं. येताना ज्याच्या त्याच्या कॅमेऱ्याचा पडदा आणि कुणाला कोणता फोटो मिळाला याची तुलना. दोघांनी एकमेकांच्या घराबद्दल, कामाबद्दल बोललेला वेळ सगळा मिळून दोन-तीन तासांपेक्षा जास्त नव्हता. मार्चमध्ये पक्षी परतले आणि भेटीही थांबल्या. पक्ष्यांखेरीज भेटायला दुसरं कारण त्यांनी कधी तयारच केलं नव्हतं.

आणखी एक अडचण होती आणि आमच्या मते खरी गाठ तिथे आहे. दाट झुडपात दडून राहणारा पक्षी बाहेर यावा म्हणून पक्षीमित्र मोबाईलवर त्याच पक्ष्याचा आवाज लावायचा. अशा वेळी आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं पक्ष्याला वाटतं. तो खाणं सोडून किंवा अंडी सोडून उठतो, आवाजाकडे धावतो. विणीच्या काळात हे पुन्हा पुन्हा झालं तर घरटं सुटूही शकतं. अभियंत्याला ते खटकायचं. पण सातही फेऱ्यांत त्याने एकदाही तोंड उघडलं नाही, कारण ज्याच्याशी मोकळं बोलणंच झालेलं नाही त्याला हटकायचं कसं? न बोललेल्या नापसंतीने अंतर वाढत गेलं. पक्षीमित्राला मात्र सगळं छान चाललंय असंच वाटत होतं.

आवडीचा विषय तोच, पण एकाला पक्षी त्याच्या जागी पाहायचा होता आणि दुसऱ्याला तो आपल्या चौकटीत हवा होता.

पायऱ्यांवरचे पहिले तीन महिने

अभियंता सकाळी सव्वासहाला पांडवलेणीच्या पायऱ्या चढायचा. त्रिरश्मी डोंगर घरापासून जवळ आणि कामाची वेळ नऊची. काका त्याच वेळी चढायचे. फेब्रुवारीत दोन-तीन आठवडे नुसती मानेची ओळख. पहिलं बोलणं काकांनी काढलं.

"तुम्ही रोज या झाडापाशीच का थांबता हो?"

"काका, वरच्या वाळक्या फांदीवर तांबट आहे. ढोली कोरतोय. दिसला?"

"अरे, खरंच की. इतकी वर्षं इथून चढतोय, पण वर कधी पाहिलंच नाही."

"आणि तुम्ही वर गेलात की भिंतीलाच नाक लावून उभे असता."

काकांनी त्या दिवशी भिंतीवर काय असतं ते सांगितलं नाही. "उद्या दाखवतो," एवढंच म्हणाले. ओळखीच्या पहिल्या टप्प्यात हे अगदी योग्य झालं. दुसऱ्या भेटीला कारण मिळालं आणि पहिल्याच दिवशी व्याख्यान टळलं.

त्यानंतरचे आठ-दहा दिवस अभियंत्याला वाटत होतं की काकांना आपला त्रास होतो, आणि काकांना वाटत होतं की तरुण माणसाला म्हाताऱ्याच्या गप्पा कशाला हव्यात. ही चूक फार जणांची होते. एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दाखवलं की अनोळखी माणसाशी पहिलं बोलणं झाल्यावर, आपण समोरच्याला किती आवडलो याचा अंदाज लोक बहुतेक वेळा कमीच बांधतात. नव्या शहरात आलेला माणूस तर हमखास. अशा वेळी उपाय धैर्याचा नसतो, वेळापत्रकाचा असतो. तीच जागा, तीच वेळ चालू ठेवली की पुढच्या भेटीसाठी कुणालाच पुढाकार घ्यावा लागत नाही. स्कॉट फेल्ड या समाजशास्त्रज्ञाने १९८१ मध्ये मांडलं होतं की माणसांची नाती अशा केंद्रांभोवती जमतात: कामाची जागा, देऊळ, कट्टा, क्लब. इथे ते केंद्र म्हणजे दगडी पायऱ्या.

हिशेब असा होता. आठवड्यातले पाच दिवस, रोज चढणं-उतरणं आणि खाली पाच मिनिटं टेकणं धरून ५० मिनिटं. आठवड्याला चार तास दहा मिनिटं. म्हणजे बारा आठवड्यांत ५० तास, साडेपाच महिन्यांच्या आत ९०. अभयारण्याच्या फेऱ्यांच्या तुलनेत प्रत्येक भेट छोटी, पण दोघंच असायचे आणि चालताना बोलता येत होतं. चालताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहावं लागत नाही, गप्प राहिलं तरी अवघडत नाही. बुजऱ्या माणसांच्या ओळखीसाठी आम्हाला चहाच्या टेबलापेक्षा चढण जास्त कामाची वाटते.

एप्रिलमध्ये काकांनी दहाव्या लेण्यातला लेख समजावून सांगितला. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, कायमची ठेव म्हणून गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे (व्यावसायिक संघांकडे) ठेवले. त्यांतले दोन हजार दरमहा एक टक्का व्याजाने, एक हजार पाऊण टक्क्याने. दोन हजारांच्या व्याजातून वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्याच्या मुक्कामाला, राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण कापडासाठी द्यायचे.

अभियंता थांबला. "महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस जणांना बारा-बारा म्हणजे दोनशे चाळीस. काका, हिशेब तंतोतंत बसतोय!"

ही कथा काकांनी बऱ्याच जणांना ऐकवली होती. ऐकणारे "वा, वा" म्हणून पुढे जायचे. उभ्या उभ्या गुणाकार करणारा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटला होता. विषय काकांचा होता, पण आकडा तपासायची सवय अभियंत्याची रोजची, कारखान्यातली. वेगळ्या आवडी जुळतात त्या अशा: एकाचा विषय आणि दुसऱ्याची पद्धत.

पावसाळा आणि शिवराया

जुलैत पायऱ्या निसरड्या झाल्या, काकांच्या गुडघ्याला ते झेपेना. केंद्र हललं की बऱ्याच ओळखी इथेच विरतात. इथे ती टिकली, कारण त्याआधीच दुसरं काम सापडलं होतं. काकांकडे चाळीसेक शिवराया होत्या, एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ असलेली तांब्याची नाणी. अक्षरं झिजलेली, मोबाईलच्या फोटोत काहीच उमटत नव्हतं. शनिवारी संध्याकाळी अडीच तास फोटो काढायचे असं ठरलं.

हे काम कसं केलं ते सविस्तर सांगण्यासारखं आहे, कारण दोघांच्याही हाताला समान काम मिळणं हीच त्यातली गोम होती. नाणं राखाडी, चमक नसलेल्या कागदावर ठेवायचं. कॅमेरा ट्रायपॉडवर, नाण्याच्या बरोबर वर, सेन्सर आणि नाणं समांतर. जवळून फोटो घेणारी मॅक्रो लेन्स, लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ ८ च्या आसपास, संवेदनशीलता आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही. फ्लॅश नाही. लहान एलईडी दिवा बाजूने, कागदापासून पंधरा-वीस अंशांवर इतका खाली धरायचा की झिजलेल्या अक्षरांचीही सावली पडेल. मग दिवा घड्याळाच्या काट्याप्रमाणे थोडा थोडा फिरवत प्रत्येक नाण्याचे चार फोटो. एका दिशेला जी रेघ दिसत नाही ती दुसऱ्या दिशेला उठून येते. दिवा फिरवायचं काम काकांचं, कारण कोणती रेघ अक्षराची आणि कोणती ओरखड्याची हे त्यांनाच कळायचं. नोटांच्या छपाईत बारीक रेघा तपासण्यात त्यांची नोकरी गेली होती.

नाणी चिंच, लिंबू किंवा पितांबरीने घासायची नाहीत, हा काकांचा नियम. घासलं की वरचा जुना थर जातो आणि त्याबरोबर अक्षराची उरलीसुरली कडही. नाणं धरायचं ते कडेने. अभियंत्याने ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा आणला आणि प्रत्येक शिवराईचं वजन व व्यास तक्त्यात भरला. शिवराया वेगवेगळ्या टांकसाळींत पाडल्या जायच्या, त्यामुळे वजनं एकसारखी नसतात. तक्त्यात ती गटागटाने वेगळी पडताना पाहून काका हरखून गेले.

अशाच एका शनिवारी एका प्रसंगात खरं साम्य वर आलं. ओळखीच्या एकाने शेतात सापडलेली चांदीची नाणी काकांना विकायला आणली. काकांनी ती हातातही घेतली नाहीत. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेलं दहा रुपयांहून जास्त मोलाचं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. "तहसीलला जा, मी बरोबर येतो," असं त्यांनी सांगितलं. माणूस गेल्यावर अभियंत्याला म्हणाले, "कुठे सापडलं, कशाबरोबर सापडलं, हे गेलं की नाण्यात उरलं काय? नुसती चांदी."

अभियंत्याने तेव्हा पक्ष्यांचे आवाज लावण्याचा विषय पहिल्यांदा कुणाजवळ काढला. दोघांचे विषय वेगळे होते, पण नियम एकच निघाला: वस्तू असो की पक्षी, त्याच्या जागेवरून त्याला ओढायचं नाही. थिओडोर न्यूकम यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकमेकांना अनोळखी अशा सतरा-सतरा विद्यार्थ्यांना एका घरात राहायला दिलं होतं. सुरुवातीच्या जवळिकी खोल्या कुठे आहेत यावर ठरल्या. दिवस गेले तशी कुणाची मतं कुणाशी मिळतात हे कळत गेलं आणि जोड्या त्यानुसार बदलल्या. मतं कळायला वेळ लागतो, आणि ती प्रश्न विचारून कळत नाहीत. समोर काहीतरी ठरवायची वेळ येते तेव्हाच कळतात.

फसलेला रविवार

डिसेंबरात अभियंत्याने काकांना नांदूर मध्यमेश्वरला नेलं. नेमका इथे घोटाळा झाला, आणि असे घोटाळे ठरावीक असतात म्हणून तपशिलात सांगतो.

पहाटे सव्वापाचला निघाले. निफाडची डिसेंबरातली थंडी प्रसिद्ध आहे, ती काकांना बाधली. गाडीत पक्षीमित्र आणि आणखी एक जण होता, म्हणजे काका तिघा छायाचित्रकारांत एकटे. दुर्बीण एकच, तीही आळीपाळीने. मनोऱ्यावर दोन तास स्थिर बसायचं होतं. काकांना मधुमेहाच्या गोळीनंतर वेळेवर खायला लागतं, हे कुणी विचारलंच नाही. आठ वाजून गेले तरी नाश्त्याचं नाव नव्हतं. वेळ जावा म्हणून काका या बंधाऱ्याचा इतिहास सांगू लागले, आवाज थोडा चढला. तेवढ्यात काठाशी आलेला पट्टकादंबांचा थवा उठला. काका त्याला कारण होते की नाही, सांगता येत नाही.

"काका, जरा गप्प बसता का?" अभियंता सगळ्यांसमोर म्हणाला.

काका काही बोलले नाहीत. परतीच्या वाटेवर मिसळीचं बिल त्यांनीच दिलं. पुढचे चार दिवस ते पायऱ्यांवर आले नाहीत. फोनवर गुडघ्याचं कारण सांगितलं.

दोष एका वाक्याचा नव्हता. आपली आवड दाखवायला माणसाला नेताना त्याला प्रेक्षक बनवलं गेलं होतं. शनिवारी काकांच्या घरी अभियंत्याच्या हातात कॅमेरा आणि काटा होता. रविवारी मनोऱ्यावर काकांच्या हातात काहीच नव्हतं. ज्याला विषयाची गोडी नाही तो हाताला काम असेल तर तासन्‌तास रमतो, नसेल तर लवकर कंटाळतो, आणि कंटाळलेला माणूस आपल्याला जे येतं ते करू लागतो. काकांना बोलता येत होतं. शिवाय हे सगळं परक्या माणसांदेखत झालं. दोघांतल्या दोघांत तेच वाक्य कदाचित हसण्यावारी गेलं असतं. वयाने मोठ्या माणसाला चारचौघांत गप्प बसवलं की ते लागतंच.

कॅरोल वर्नर आणि पॅट पार्मली यांच्या १९७९ च्या अभ्यासात मित्रांचं साम्य मतांपेक्षा आवडत्या उद्योगांत जास्त दिसलं होतं. आम्ही त्याचा व्यवहारातला अर्थ असा घेतो: मित्राला तुमचं मत पटलं नाही तरी चालतं, पण एकत्र करायला काहीतरी हवं. त्या रविवारी तेच नव्हतं.

दुरुस्ती

पाचव्या दिवशी संध्याकाळी अभियंता इंदिरानगरला घरी गेला. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं नाही, हे बरं झालं. अशा वेळी लिखित माफीला ‘काही हरकत नाही’ असं उत्तर येतं आणि विषय न मिटता बंद होतो.

"काका, चुकलं माझं. चारचौघांत तसं बोलायला नको होतं."

"लागलं खरं मला. पण अरे, मलाही कळायला हवं होतं, तिथे बोलायचं नसतं ते. तू आधी सांगितलं असतंस तर!"

"सांगायला हवं होतं. पुन्हा जाऊ या का? या वेळी दोघंच."

"पहाटे नको बाबा. उजाडल्यावर निघू."

जानेवारीतली दुसरी फेरी अशी आखली. दोघंच. निघायची वेळ साडेसहा. फोटोंचा सोनेरी उजेड थोडा जाईल हे अभियंत्याने मान्य केलं. डब्यात पोळी-भाजी, साडेआठला खायचंच. काकांसाठी वेगळी, आठपट मोठं दाखवणारी (८×४२) दुर्बीण, उसनी आणलेली. आणि काकांकडे काम: पाण्याचा एक ठरावीक तुकडा, एका वाळक्या झाडापासून दुसऱ्या बेटापर्यंत, आणि दर पंधरा मिनिटांनी त्यातल्या चक्रवाकांची मोजणी वहीत लिहायची. चक्रवाक मोठे, नारिंगी, बहुधा जोडीने असतात, नवख्यालाही ओळखता येतात. सुरुवातीला बारीक तुतवारांची मोजणी दिली असती तर काका वैतागले असते. पहिलं काम सोपं आणि नक्की उत्तर असलेलं असावं.

दीड तासात काकांनी सहा नोंदी केल्या आणि एका नोंदीत अभियंत्याची चूक पकडली. त्याने दोन जोड्या सुटू दिल्या होत्या.

साडेनऊला निघून परतीच्या वाटेवर थोडा फाटा घेऊन ते जोगलटेंभीला थांबले. इथे दारणा गोदावरीला मिळते. १९०६ साली या गावात चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला. नाणी नहपानाची, पण त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचे ठसे मारलेले, एका बाजूला तीन कमानींचा डोंगर आणि दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह (अधिक चिन्हाच्या चार टोकांना चार वर्तुळं). पराभूत शत्रूचं नाणं न वितळवता त्यावरच आपली खूण उमटवायची, म्हणजे सत्तांतर बाजारात हातोहात पोहोचतं. काका आता मोकळ्या आवाजात बोलत होते आणि अभियंता संगमाचे फोटो काढत होता. पांडवलेणीतल्या दहाव्या लेण्यात ज्याचा जावई दान देतो तो नहपान, आणि तिसऱ्या लेण्यात ज्याची आई गौतमी बलश्री लेख कोरवते तो सातकर्णी. रोजच्या पायऱ्यांवरचा विषय एकदम नदीकाठी येऊन उभा राहिला. साडेअकराला दोघं घरी.

दोन्ही टप्प्यांत एक यजमान आणि एक पाहुणा होता, आणि पाहुण्याच्या हाताला काम होतं. आर्थर आरन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं की समोरचा माणूस आपल्याला स्वीकारणारच अशी खात्री असली तर समान आवडींची ओढ कमी होते आणि वेगळ्या आवडीचा माणूस हवासा वाटू शकतो. हा परिणाम विशेषतः पुरुषांमध्ये दिसला. आरन यांचं कारण असं की माणसाला नात्यातून आपलं जग वाढवायचं असतं. आमच्या प्रकरणात क्रम तोच आहे. खात्री आधी आली, पायऱ्यांवरच्या तासांमधून आणि त्या माफीमधून. मगच वेगळेपणा गोड लागला. पहिल्याच आठवड्यात काकांना मनोऱ्यावर नेलं असतं तर ओळख तिथेच संपली असती.

पैसे आणि घर

काका वडीलकीच्या नात्याने प्रत्येक बिल द्यायचे आणि अभियंत्याला ओझं वाटायचं. अशा ओझ्याने माणूस बोलावणं टाळू लागतो. तोडगा साधा निघाला: जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटरचं पेट्रोल, साधारण सहा लिटर, अभियंत्याचं, खाणंपिणं काकांचं, आणि पुढच्या वेळी उलट. बिलावर ओढाताण थांबली.

रविवार बायकोने धरून ठेवला होता आणि तिचं बरोबर होतं. महिन्यातून एकच रविवार आणि तोही साडेअकरापर्यंत, असं ठरल्यावर कुरबुर उरली नाही. शनिवारी मुलगीही येऊ लागली. काकूंनी तिला कागदाखाली नाणं ठेवून वर पेन्सिल घासायला शिकवलं. (जुन्या नाण्यावर हे करू नये, चालू पाच-दहा रुपयांचं वापरावं.)

शिफ्ट बदलल्यावर

मार्चमध्ये अभियंत्याला आलटून पालटून शिफ्ट आली. ज्या आठवड्यात पहिली शिफ्ट, त्यात सकाळच्या पायऱ्या बंद. आठवड्याचे चार तास दहा मिनिटं कधी तीन तासांवर, कधी शून्यावर. अशा वेळी ‘जमेल तसं भेटू’ हे सर्वांत घातक वाक्य आहे. त्यांनी एक भेट पक्की ठेवली, शनिवारची, आणि ती चुकली तर पुढच्या बुधवारी संध्याकाळी. दुसरा पर्याय आधीच ठरलेला असला की एक भेट चुकल्याने साखळी तुटत नाही.

एक प्रश्न उघडा आहे. काकांना आता पक्ष्यांची गोडी लागली आहे आणि ते रोज पाचपंचवीस फोटो ओळखायला पाठवतात. अभियंता रात्री थकून आल्यावर ते पाहत नाही, काका वाट पाहतात. एकाची आवड दुसऱ्यात उतरली की पूर्वीचा तोल जातो; शिकवणारा थकतो, शिकणाऱ्याला दुर्लक्ष झालं असं वाटतं. आम्ही सुचवलं की काकांनी आठवडाभराचे फोटो साठवून शनिवारी आणावेत, आणि ओळखण्याआधी चोच, पाय, डोळ्यावरची पट्टी आणि शेपटी या चार गोष्टी स्वतः लिहाव्यात. शिवराई वाचताना ते हेच करतात.

पक्षीमित्राशी असलेली ओळख तोडायची गरज नाही. त्याला पाणथळीच्या वाटा माहीत आहेत, कोणत्या काठाला या वर्षी पाणी उतरलं हे तो आधी सांगतो, आणि मोसमी सोबत म्हणून तो चांगला आहे. मात्र येत्या नोव्हेंबरात पहिल्या फेरीच्या आधी, गाडीत बसायच्या आधीच, आवाज लावायचा नाही हे अभियंत्याने त्याला एकट्याला गाठून सांगावं. कारणासकट सांगावं: पक्षी खाणं सोडून उठतो, विणीत घरटं सुटू शकतं. तो ऐकेल किंवा ऐकणार नाही. ऐकलं तर परतीच्या वाटेवर दोघांनी मागच्या सीटवर बसावं, कॅमेरे पिशवीत ठेवावेत आणि त्याच्या व्यवसायाचं कसं चाललंय ते विचारावं. गेल्या मोसमात ते कुणी विचारलंच नव्हतं.